पोट बिघडलंय, दंड नाही!

एका नदीकाठच्या गावात तुळाजी नावाचा नावाडी राहत असे. वारा असो वा पूर, त्याची नाव पैलतीर गाठायचीच. पंचक्रोशीत त्याच्या दंडांची वाखाणणी होई आणि ती ऐकून तुळाजीची मान ताठ होई.

एकदा भर श्रावणात त्याला पहाटेपासून जुलाब लागले. बायको सगुणा म्हणाली, "अहो, आज नाव सोडू नका. मीठ घातलेली पेज प्या नि पडून राहा."

तुळाजी हसला. "पोट बिघडलंय, दंड नाही!"

पेजेला त्याने हातही लावला नाही. पोट आणखी ढवळेल म्हणून पाणीही टाळलं. सगुणा नावाड्याचीच लेक. तिने पेजेचा तांब्या उचलला आणि नावेत जाऊन बसली.

नावेत अकरा उतारू होते. नदी फुगलेली. मध्यधारेत तुळाजीच्या पोटऱ्यांत गोळे आले. मग बोटं वाकडी झाली, वल्हं निसटू लागलं. छाती धडधडत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. नाव आडवी झाली. माणसं ओरडू लागली.

"माझ्या दंडांना झालं तरी काय?" तुळाजी पुटपुटला.

उतारूंत गावचे वैद्य केसोपंत होते. ते म्हणाले, "दंडांचा दोष नाही, तुळाजी. पोटातून पाणी गेलं, त्याच्याबरोबर अंगातलं मीठही गेलं. मग हातापायांना बळ कुठून मिळणार? काळीज बिचारं एकटंच धावतंय."

तुळाजीने उतारूंच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. आजवर त्याने वल्हं कुणाच्या हाती दिलं नव्हतं.

"सगुणे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वल्हं घे. माझ्याच्यानं होत नाही."

सगुणाने पदर खोचला. धारेला तिरकी घालत तिने नाव पैलतीरी लावली. तुळाजी तळाशी बसून घोट घोट पेज पीत होता आणि तिच्याकडे पाहत होता.

चार दिवसांनी तो हिंडूफिरू लागला. धक्क्यावर कुणीतरी टोमणा मारला, "काय तुळाजी, बायकोनं नाव आणली म्हणे!"

तुळाजीने छाती पुढे काढली. "आणली तर! भर पुरातून अकरा जीव सुखरूप उतरवले तिनं. आहे अशी नावाडीण कुणाच्या घरी?"

तात्पर्य: एक अंग बिघडलं की साऱ्या शरीराचा तोल जातो, म्हणून साधं दुखणंही अंगावर काढू नये, वेळीच आधार मागणं हा कमीपणा नव्हे, शहाणपणाच.