नाकतोडे आणि टोळ

पूर्वी शालिपुरात राजा सुबल राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या कुरणावर एका गुराख्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव नंदिक.

कुरणात टोळांची पिल्ले दिसली, की अख्खे कुरण पेटवायचे, अशी त्या राज्याची रीत होती. एका आश्विनात शेतांची राखण पाहणारा अधिकारी, क्षेत्रपाल वज्रक, बिनपंखी किड्यांनी भरलेले मडके घेऊन दरबारात आला आणि ही टोळांची पिल्ले असल्याचे म्हणाला. पिके वाचावीत म्हणून राजाने कुरण जाळण्याची आज्ञा दिली. गवत गेले असते, तर तीनशे गुरे उपाशी मेली असती.

इतर गुराख्यांबरोबर दरबारात आलेले नंदिक पुढे झाले. "महाराज, हे टोळ नाहीत, नाकतोडे आहेत."

वज्रक हसला. "गुराख्या, दोघे उड्या मारतात, दोघे गवत खातात. तुझा नाकतोडा काय टिळा लावून येतो?"

"टिळा नाही दादा, पण वागणं वेगळं असतं."

त्यांनी किडे परातीत सोडून वर विरळ वस्त्र ताणले. प्रत्येक किडा वेगळ्या कडेला गेला. दुसरा जवळ आला, की मागच्या पायाने त्याला ढकलू लागला.

"टोळ एकमेकांना चिकटून बसतात," नंदिक म्हणाले, "आणि एक निघाला, की सगळे त्याच दिशेने निघतात. सूर्यास्तापर्यंत मुदत द्या. मी सगळे कुरण पाहतो."

राजाने मुदत दिली. नंदिक गुडघ्यांवर रांगत गवताचा बुंधा न् बुंधा पाहत गेले. शेवटी एका उतारावर काळसर पिल्लांचा दाट थर एकाच दिशेने सरकताना दिसला. तो उतार त्यांच्या स्वतःच्या गाईंच्या चराईचा होता.

त्यांची पत्नी सुजया हळूच म्हणाली, "अहो, गप्प राहा. वज्रकाला थोडंच ओळखू येणार आहे?"

"मला आलं ना."

त्यांनी दरबारात जाऊन सांगितले, "टोळ आहेत, पण फक्त माझ्या उतारावर. तेवढाच जाळा."

राजाने तसे केले. उताराभोवती चर खणला गेला. त्या जिवांसाठी नंदिकांचे डोळे भरून आले, पण चूड त्यांनी स्वतःच लावली. बाकीचे कुरण उभे राहिले. इतर गुराख्यांनी आपापली गुरे सरकवून त्यांच्या गाईंना जागा दिली.

ही कथा सांगून तथागत म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा वज्रक म्हणजे आज घाईने निवाडा करणारा भिक्खू दर्भक. सुजया म्हणजे उपासिका मेघवती. नंदिक मीच होतो. नीट पाहिल्याशिवाय ठरवायचे नाही आणि पाहिलेले लपवायचे नाही, या निश्चयापासून न ढळणे, हीच अधिष्ठान पारमिता."