माफ आणि माप

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि नद्या वाट विचारत विचारत समुद्राकडे जात होत्या. मुलांनो, नीट ऐका. आणि मुलांच्या मागे बसून आपण ऐकत नसल्यासारखं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही तर जास्तच नीट ऐका.

त्या काळी एक राज्य होतं. राज्याच्या एका टोकाला समुद्र होता आणि दुसऱ्या टोकाला धुक्याचं खोरं.

खोऱ्यात चाळीस घरं होती. तिथं धुकं पाहुण्यासारखं येऊन जात नसे, ते तिथंच राहत असे. सकाळी अंगणात बसायचं, दुपारी झाडांवर चढायचं आणि संध्याकाळी गुरांबरोबर गोठ्यात शिरायचं. म्हणून प्रत्येक दारात भरदिवसा दिवा लावलेला असे. रानातल्या मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण गाळून, झाडाच्या सालीची वात घालून केलेला तो दिवा दिवसभर जळायचा. त्याचा उजेड धुक्याला टोचायचा नाही, त्यात मधासारखा विरघळायचा.

खोऱ्यातल्या लोकांची भाषा वेगळी होती. तिच्यात धुक्यासाठी नऊ शब्द होते आणि 'फ' हे अक्षर नव्हतं.

का नव्हतं? तर 'फ' म्हणताना ओठांतून फुंकर सुटते आणि फुंकरीनं दिवा विझतो. कुणा खापरपणजीनं म्हणे मुलांना बजावलं होतं, की दिव्यासमोर हे अक्षर उच्चारायचं नाही. आता दिवा तर दारोदारी होता. मग बोलायचं कुठं? होता होता अक्षरच हरवलं. बाहेरच्या माणसानं 'फ' म्हटलं तरी त्यांच्या कानांना 'प'च ऐकू यायचा. दिवा मालवायचा झाला तर ते त्याच्यावर मातीचं झाकण ठेवत, झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं.

या खोऱ्यात एक तरुण दिवेकरीण राहत होती. तिच्या हाताला मेण ऐकायचं. माणसांचं मात्र ती फारसं ऐकत नसे, असं म्हातारी माणसं म्हणायची.

दरवर्षी शहरातला एक बडा व्यापारी खोऱ्यातले सगळे दिवे चार पोती धान्याच्या बदल्यात उचलायचा, त्यांवर आपला शिक्का मारायचा आणि समुद्रापार धाडायचा. त्या वर्षी त्यानं वेगळाच निरोप पाठवला. "दिवे नकोत, दिवे करणारी पोरगीच द्या. माझ्या वाड्यावर बसून मेण गाळेल. जहाजं सुटली की माझा माणूस तिला न्यायला येईल."

म्हाताऱ्यांनी मान डोलावली. दिवेकरणीला कुणी विचारलंही नाही.

इकडे राजाच्या कानावर आलं होतं, की समुद्रापार माल जातो तो चार-पाच बड्या घरांचाच. त्याला वाईट वाटलं. त्यानं हुकूम काढला, की छोट्या कारागिरांच्या मालाला राजाच्या जहाजावर जागा मिळेल आणि त्यांना जकात पडणार नाही. विचार चांगला होता. चांगले विचार महालात खूप असतात. तिथून बाहेर पडताना त्यांच्या पायांत काय अडकतं, ते पाहायला मात्र कुणी येत नाही.

दवंडीवाला तीन दिवस चालून खोऱ्यात पोचला. धुक्यात त्याला कुणी दिसेना, म्हणून त्यानं नुसत्याच पांढरेपणाकडे तोंड करून ढोल बडवला.

"ऐका हो ऐका! छोट्या कारागिरांना जकात माफ! माल घेऊन बंदरावर या हो! पौर्णिमेच्या सकाळी जहाज सुटणार!"

एवढं ओरडून तो गेला. त्याला पुढची गावं होती.

चाळीस घरांनी ऐकलं, 'जकात माप'.

सगळे जाणत्याकडे धावले. जाणता म्हणजे खोऱ्यातला सर्वांत वृद्ध माणूस. तो चाळीस वर्षांपूर्वी एकदा शहरात जाऊन आला होता आणि तेव्हापासून त्याला राजभाषा येते असं ठरलं होतं. हे कुणी ठरवलं? त्यानंच.

जाणत्यानं डोळे मिटले, मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "राजा मालाचं माप घेणार. जेवढं माप, तेवढी जकात. म्हणून तर माल बंदरावर मागवलाय."

"बाबा, छोट्या कारागिरांना बोलावलंय," दिवेकरीण म्हणाली. "जकात घ्यायची तर मोठ्यांकडून घेतील. आपल्याकडे काय आहे? दवंडीवाला अजून ओढा ओलांडत असेल. धावत जाऊन विचारून येते."

"मी सांगितलं ते पुरे नाही का?"

"तुम्हाला नक्की कळलंय का?"

सभेत कुजबुज झाली. जाणत्याची मिशी थरथरली.

"पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हा मी राजधानीतल्या रस्त्यावरून चाललोय! सगळे दिवे गरम झऱ्याच्या गुहेत लपवा. तिथल्या धगीत राजाचे शिपाई शिरायचे नाहीत."

"शिपाई शिरणार नाहीत, पण मेण वितळेल त्याचं काय?"

"सत्तर वर्षं या खोऱ्यात राहतोय मी. वितळायचं असतं तर मीच वितळलो असतो."

सगळे हसले. म्हाताऱ्यांच्या विनोदावर हसलं, की प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटतं.

दिवेकरीण हसली नाही. तिनं आपले दिवे टोपलीत भरले, टोपली डोक्यावर घेतली आणि ती ओढ्याच्या वाटेला लागली. दवंडीवाला केव्हाच निघून गेला होता. मग ती तशीच पुढं चालत राहिली.

असं सांगतात, की धुकंही तिच्या मागे निघालं. तान्ह्या वासरासारखं. ती थांबली की थांबायचं, ती चालली की लुटूलुटू चालायचं. पहिल्या दिवशी तिनं हुसकावलं, दुसऱ्या दिवशी रागावली. तिसऱ्या दिवशी तिला सोबत वाटू लागली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती बंदरावरच्या कचेरीत पोचली. व्यापाऱ्याच्या माणसांशी बोलून बोलून तिला राजभाषेतले पंचवीस-तीस शब्द येत होते. लेखनिकासमोर उभी राहून तिनं त्यांतले दोन वापरले.

"दिवे. जहाजावर."

"त्या फळीवर ठेव," लेखनिक मान वर न करता म्हणाला.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. "पळी कुठं आहे?"

लेखनिकानं आता मान वर केली. शेजारच्यालाही हसायला बोलावलं. "पळी म्हणे! अगं बाई, हा काय मुदपाकखाना आहे? बरं, अर्ज आणलास?"

"मी माझ्या भाषेत सांगते. तुम्ही लिहा."

"तुझी भाषा इथं कुणाला येते? दुभाषा लागेल."

"मग बोलवा."

"तसं बोलावता येत नाही. दुभाषा हवा, असा अर्ज कर."

"कुठल्या भाषेत?"

"राजभाषेत! आणखी कुठल्या?"

दिवेकरणीनं टोपली सावरली. मग आपल्या भाषेत म्हणाली, "म्हणजे नदी पोहून या आणि पलीकडे गेल्यावर होडी मागा."

लेखनिकाला ते कळलं नाही. बरंच झालं. त्यानं कचेरीचं दार लावून घेतलं आणि ती टोपली घेऊन धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून राहिली.

पौर्णिमेची सकाळ उजाडली, पण कुणाला दिसली नाही. वासरू बंदरात शिरलं होतं. शिडं नाहीशी झाली, डोलकाठ्या नाहीशा झाल्या, समुद्राचा नुसता आवाज उरला. खलाशी एकमेकांना हाका मारत चाचपडू लागले. बंदरानं असं धुकं कधी पाहिलं नव्हतं.

दिवेकरणीनं मात्र पाहिलं होतं. नऊ शब्दांपैकी हे कोणतं, तेही तिला ठाऊक होतं. हे 'दाराशी आलेलं' धुकं. असं धुकं आलं की काय करायचं, हे खोऱ्यातल्या लेकराला शिकवावं लागत नाही. तिनं टोपलीतले दिवे काढले आणि एकेका पायरीवर एकेक लावत गेली.

मधाच्या रंगाची वाट उजळली. त्या वाटेनं खलाशी जहाजापर्यंत आले. त्यांच्या मागून जहाजाला निरोप द्यायला खुद्द राजा आला, आणि राजाच्या मागून पांढऱ्या दाढीचा प्रधान.

"धक्क्यावर आग कुणी लावली?" असं म्हणत प्रधान वाकला आणि पहिल्या दिव्यावर फुंकर घालायला त्यानं गाल फुगवले.

दिवेकरणीनं धावत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

सगळे थिजले. राज्याच्या प्रधानाच्या तोंडावर आजवर कुणी हात ठेवला नव्हता. ठेवायला हवा होता, ते वेगळं.

"हे काय?" राजानं विचारलं.

"ते दिवा मारत होते," ती म्हणाली. मग तिनं मातीचं झाकण घेऊन दिवा कसा मालवायचा ते दाखवलं आणि लगेच तो पुन्हा लावला.

"कुठली तू?"

"धुक्याच्या खोऱ्यातली."

"मग तू एकटीच कशी? बाकीचे का आले नाहीत? मी तर जकात माफ केली होती."

"तेच. जकात माप. म्हणून आले नाहीत."

"अगं, माफ म्हटल्यावर तर सगळ्यांनी यायला हवं!"

"माप म्हटल्यावर कोण येईल?"

"महाराज," प्रधान दाढी सारखी करत म्हणाला, "या पोरीचं डोकं ठिकाणावर नाही."

दिवेकरीण चिडली. पंचवीस-तीस शब्द संपले होते. तिनं दोन्ही तळहात पुढं केले. एक खाली नेला, एक वर. मग वरचा खाली, खालचा वर. तराजूसारखे. "माप!" ती ओरडली. "माप!"

राजा तिच्या हातांकडे पाहत राहिला आणि हळूच पायरीवर बसला.

"म्हणजे माझी दया तीन दिवसांची वाट चालता चालता तराजू झाली," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या डोक्यावरून नसलेलं ओझं उचलल्यासारखं केलं आणि ते जमिनीवर ठेवलं.

तिनं हळूच विचारलं, "सोडली?"

"सोडली."

हा शब्द दोन्ही भाषांत एकच होता. इतका साधा शब्द दोघांच्याही घरात होता आणि तो दवंडीत घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

प्रधानाला हे काही रुचलं नाही. "महाराज, साऱ्या राज्याला दवंडी कळली. या चाळीस घरांनी आपली भाषा शिकून घ्यावी. चाळीस घरांसाठी राज्यानं शब्द बदलायचे का?"

दिवेकरणीला त्यातलं निम्मंच समजलं, पण ते पुरेसं होतं. आता ती आपल्या भाषेत बोलू लागली. गर्दीतला एक म्हातारा खलाशी लहानपणी खोऱ्याच्या वेशीवर वाढला होता. त्यानं तिचं बोलणं राजाला सांगितलं.

"सारा घ्यायला तुमचा माणूस येतो, तेव्हा आमच्या भाषेत तो बरोबर मोजतो. एक, दोन, तीन, सगळं येतं त्याला. घ्यायचं असतं तेव्हा भाषा तुम्ही शिकता. द्यायची वेळ आली की आम्ही शिकायची?"

प्रधान पुन्हा दाढी सारखी करू लागला.

राजा खजील झाला. म्हणाला, "आज तुझ्या दिव्यांनी खलाशांना वाट दाखवली. अशा उपयोगी माणसांसाठी मी बंदरावर दुभाषा ठेवीन."

"आणि उपयोगी पडलो नसतो तर?"

राजानं समुद्राकडे पाहिलं. समुद्र दिसत नव्हता. मग तो म्हणाला, "तरीही ठेवायला हवा होता."

मग धुकं पांगलं. दिवेकरणीनं दिवे मालवून पुन्हा भरलेली टोपली तिच्याच नावानं जहाजावर चढली आणि पावती तिच्या हाती आली. पण वारा कुणासाठी थांबत नाही. बाकीच्या एकोणचाळीस घरांची वाट जहाज पाहू शकलं नाही.

ती परतली, तेव्हा गुहेत वर्षभराची मेहनत वितळून एकच पिवळं तळं झालं होतं. काठावर माणसं बसली होती. व्यापाऱ्याचा माणूसही तिला न्यायला येऊन थांबला होता. तिनं त्याला राजाच्या जहाजाची पावती दाखवली. "तुमच्या मालकांना सांगा, दिवे हवे असतील तर माझ्या दाराशी यावं." तो आल्या पावली गेला.

त्या वर्षी चाळीस घरांनी तिच्या एका टोपलीच्या बदल्यात आलेल्या धान्यावर दिवस काढले.

पुढच्या वर्षी पुन्हा दवंडी आली. या वेळी ढोल खोऱ्यातल्याच माणसाच्या गळ्यात होता. "जकात सोडली हो, सोडली! माल आणा, सांगाल तुमच्या भाषेत, लिहू आमच्या हातानं!" त्या दवंडीत ते हरवलेलं अक्षर एकदाही नव्हतं. बंदरावरच्या कचेरीला नवी खिडकी पडली होती आणि तिच्यात तो म्हातारा खलाशी बसत होता. लेखनिकाला त्याच्याकडून धुक्याचे नऊ शब्द शिकायचा हुकूम झाला. चार झाले, पाचव्यावर तो अजून अडकलाय, असं म्हणतात.

दवंडी ऐकून जाणत्यानं मिशीवरून हात फिरवला. "मी तर तेव्हाच म्हटलं होतं, राजा भला माणूस आहे."

दिवेकरीण टोपली भरत होती. ती थांबली. "बाबा, पुढच्या वेळी कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणा. त्यानं मिशी गळून पडत नाही."

सभेत कुजबुज झाली. मग कुणीतरी हसलं, आणि या वेळी ते हसू म्हाताऱ्याच्या बाजूचं नव्हतं.

चाळीस टोपल्या ओढ्याच्या वाटेला लागल्या. मागून वासरू लुटूलुटू निघालं. बंदराच्या पायऱ्यांवर तेव्हापासून एक दिवा सतत तेवत असतो आणि येणारेजाणारे त्याच्याजवळून जाताना शब्द जरा जपून वापरतात.

तात्पर्य: जे घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत दिलं नाही, ते दिलंच नाही.