मोठ्या बाईंचा खडक

फार पूर्वीची गोष्ट. पाणमांजराच्या पिल्लांना जन्मतः पोहता येत नाही, म्हणून डोहाकाठी त्यांची शाळा भरे. भुरी नावाची तरुण पाणमांजरी तिथं शिकवी. शाळेच्या मोठ्या बाई खडकावर ऊन खात बसत आणि तिथूनच ओरडत, "भुरे, पिल्लांना उतरव!"

भुरी ढकलून उतरवी. पिल्लं किंचाळत काठावर परतत.

एका सकाळी सगळ्यांत धाकटं पिल्लू भीतीनं बिळातच दडून बसलं. भुरी खडकापाशी आली. "बाई, मी उद्यापासून येत नाही. नुसतं ढकलायला काय, कुणीही चालेल."

"आमच्या वेळी असली थेरं नव्हती!"

"मग तुम्हाला कुणी ढकललं होतं?"

मोठ्या बाईंनी आपल्या शेपटीकडे पाहिलं. "ढकललं नव्हतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "आईची शेपटी धरली होती मी."

त्या खाली आल्या. बिळाकडे पाठ करून त्यांनी आपली शेपटी आत सरकवली. पिल्लानं ती घट्ट धरली. डोहात शिरताना बाईंच्याच अंगावर काटा आला. पाणी इतकं गार असतं, हे त्या विसरून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भुरी आली ती निरोप घ्यायला. खडक रिकामा होता. मोठ्या बाई काठावर पिल्लांच्या घोळक्यात उभ्या होत्या.

"भुरे," त्या म्हणाल्या, "चल, उतरू."