सुखनिवासातले मूळचे रहिवासी

एका गावात एक भोळा राखणदार होता. गाव कसलं, वाढून वाढून तालुका झाला होता. पण राखणदार भोळा तो भोळाच राहिला. नाव नारबा. सांगितलेलं काम विसरला, असं त्याच्या जन्मात कधी झालं नाही. लोकांना वाटायचं, एकदा तरी विसरावं मेल्यानं.

पूर्वी तिथं गुळाचं गोदाम होतं आणि नारबा गोदामाची राखण करायचा. मग गोदाम पाडून 'सुखनिवास' नावाची चार मजली बिल्डिंग झाली. मागची उंच दगडी भिंत तेवढी ठेवली, कारण ती पाडायला घेतलेली पहारच वाकली. सतरा बिऱ्हाडं राहायला आली. नारबाला जिन्याखालची खोली मिळाली. आणि गच्चीच्या खाली, दगडी भिंतीच्या फटीत, वटवाघळं होती. शंभरेक असतील. दिवसा झोपायची, तिन्हीसांजेला किडे खायला बाहेर पडायची. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. फक्त शी करायची. आणि ती नेमकी चेअरमन चौगुलेअण्णांच्या बाल्कनीत पडायची.

एके दिवशी जिन्यात वटवाघळाचं एक पिल्लू पडलेलं नारबाला दिसलं. त्यानं ते तळहातावर घेतलं आणि फुंकर घालायला लागला. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या निमकरबाई खाली आल्या. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. ओरडायची सवय गेली नव्हती.

"नारबा! हाताने नाही धरायचं! चावलं तर आजार होतात. जमिनीवर पडलेलं दिसलं की वरून खोकं पालथं घालायचं, खालून पुठ्ठा सरकवायचा, आणि उंचावर नेऊन ठेवायचं. त्याची आई येते आणि घेऊन जाते."

"व्हय बाई," नारबा म्हणाला.

त्यानं तसंच केलं. संध्याकाळी खरंच आई आली आणि पिल्लाला घेऊन गेली. बाईंनी शाबासकी दिली. नको होती द्यायला.

चार दिवसांनी चौगुलेअण्णांची आत्या त्याच जिन्यात घसरली. आत्याबाई अंगानं भरभक्कम. पायरीवर बसल्या त्या बसल्याच. नारबानं पाहिलं आणि धावत गेला. शेजारच्या आळीतून कोंबड्या झाकायचं मोठं डालगं आणलं आणि आत्याबाईंवर पालथं घातलं. मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणला आणि खालून सरकवायला लागला. पुठ्ठा निम्म्यात अडकला. आतून आत्याबाई जे बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही.

चौगुलेअण्णा आले. "काय चाललंय रं हे?"

"पडलेल्या दिसल्या, म्हणून झाकल्या. अण्णा, यांची आई कधी येती?"

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. "अरे शहाण्या, कुणी पडलं तर झाकतात व्हय? आधी पाणी द्यावं. आत न्यावं. गादीवर निजवावं, पांघरूण घालावं!"

"व्हय अण्णा."

आणि नारबा विसरला नाही. पुढच्याच सोमवारी भर दुपारी अण्णांच्या बाल्कनीत एक वटवाघूळ पडलं. नारबा तिथं कुंड्यांना पाणी घालत होता. हातानं धरलं नाही, ते बाईंचं सांगणं होतं. पुठ्ठ्यावर घेतलं. चमच्यानं पाणी पाजलं. आत नेलं, अण्णांच्या गादीवर निजवलं आणि वर अण्णांची चादर नीट गळ्यापर्यंत ओढली.

अण्णा जेवून आले. ढेकर दिली आणि चादर ओढून आडवे झाले. उठले ते थेट कपाटावर. ते कपाटावर कसे चढले, हे पुढं त्यांनासुद्धा सांगता आलं नाही. वटवाघूळ खोलीभर भिरभिरत होतं, अण्णा वरून उशा फेकत होते, आणि नारबा खालून म्हणत होता, "अण्णा, जरा हळू. ते आजारी हाय."

आरडाओरडा ऐकून निमकरबाई पळत आल्या. "मारू नका त्याला! दिवे घालवा. खिडक्या उघडा. दार लावा आणि सगळे गप्प राहा. नकोसा पाहुणा आपण होऊन जातो."

तसं केलं. वटवाघूळ दोन चकरा मारून खिडकीतून गेलं.

"बघितलंस नारबा?"

"बघितलं बाई."

पण अण्णांचं डोकं फिरलं ते फिरलंच. त्यांनी दुसऱ्याच दिवशी धुरीवाला बोलावला. मिरची-गंधकाची धुरी देऊन फट रिकामी करणारा माणूस. निमकरबाईंनी अण्णांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हणाल्या, "अण्णा, आत पिल्लं आहेत. त्यांना अजून उडता येत नाही. आया धुरानं पळतील आणि पिल्लं आत गुदमरून मरतील हो." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथीच्या पोरांनीसुद्धा ते कधी पाहिलं नव्हतं.

"मरू देत," अण्णा म्हणाले. "नारबा, पाहुणा ऑफिसात बसलाय. त्याच्याकडं बघ जरा."

नारबानं बाईंकडं पाहिलं. "बाई, हा पाहुणा नकोसाच ना?"

"अगदी नकोसा," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्यामागची अंधारी खोली. एकच खिडकी, तीही मागच्या बोळात उघडणारी. धुरीवाला चहाची वाट बघत होता. नारबा आत गेला. दिवा घालवला. खिडकी उघडली. दार लावलं आणि दाराला पाठ लावून गप्प उभा राहिला.

"कोण आहे?" धुरीवाल्यानं विचारलं.

नारबा गप्प.

"अहो, कोण आहे? बोला की! काय पाहिजे?"

नारबानं फक्त श्वास घेतला. तो घ्यावाच लागतो.

धुरीवाला दोन चकरा मारून खिडकीतून गेला. डबा, मिरच्या, चप्पल, सगळं तिथंच राहिलं. पुन्हा त्या गल्लीकडं फिरकला नाही.

मग सोसायटीची मीटिंग झाली. निम्मे लोक हसत होते, म्हणून अण्णा जास्तच चिडले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "बाईंच्या शब्दाखातर, पिल्लं उडेपर्यंत, दीड महिना देतो. एक दिवस वर नाही. नंतर शहरातून दुसरा धुरीवाला आणतो. आणि नारबा, कान उघडे ठेवून ऐक. ही बिल्डिंग मूळच्या राहणाऱ्यांची आहे. मागनं येऊन जे घुसलेत, त्यांनी शी करायची आणि आम्ही सोसायचं, हे चालणार नाही. मागनं घुसलेले दीड महिन्यात बाहेर गेले पाहिजेत. नाहीतर तूही तुझं बोचकं उचल. जिन्याखालची खोली रिकामी कर!"

नारबाला दुसरं घर नव्हतं. जिन्याखाली त्याचा स्टो होता, खाट होती, देवाचा फोटो होता. तो खाटेवर बसला आणि कोण आधी आलं, कोण मागनं आलं, हे बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. मग तो निमकरबाईंकडं गेला.

"बाई, मागनं घुसलेल्यांना बाहेर काढायचं, पण मारायचं नाही. कसं करायचं?"

बाईंना गहिवरून आलं. निदान एकाला तरी दया आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला बसवून चहा दिला आणि नीट समजावलं. "घाई नाही करायची. तिन्हीसांजेला सगळे आपण होऊन बाहेर पडतात. वाटेवर अशी सोय करायची, की आतल्याला बाहेर येता यावं, पण बाहेरच्याला आत जाता येऊ नये. आत एकही पिल्लू राहिलेलं नाही ना, ते आधी बघायचं. आई बाहेर आणि पिल्लू आत, असं झालं तर पाप लागेल. आणि ज्यांना काढतो त्यांना दुसरी जागा द्यावी. फट असलेली लाकडी पेटी उंच झाडावर टांगायची. दोन-तीन दिवस तक्रार करतात. मग सवय होते."

"व्हय बाई," नारबा म्हणाला.

दीड महिना होत आला. पिल्लं उडायला लागली. बाईंनी गच्चीवरून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. खाली येऊन म्हणाल्या, "नारबा, उद्या करू या. मी येते मदतीला."

"तुम्ही कशाला तरास घेता बाई? समदं ध्यानात हाय."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला नारबानं मेन स्विच बंद केला. सगळी बिल्डिंग अंधारात. मग जिन्याच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि गप्प उभा राहिला. पाच मिनिटांत सतराच्या सतरा बिऱ्हाडं वैतागून, पंखा-पंखा करत, आपण होऊन अंगणात उतरली. आत्याबाईसुद्धा उतरल्या, कठडा घट्ट धरून.

नारबा वर गेला. एकेक दार वाजवून बघितलं. दुसऱ्या मजल्यावर एक पोरगं मेणबत्तीच्या उजेडात पाढे लिहीत बसलं होतं.

"तुला उडता येतं का?" नारबानं विचारलं.

"नाही."

"मग चल आईकडं."

त्यानं मेणबत्ती विझवली, पोराला खाली नेऊन आईच्या हातात दिलं. म्हणाला, "हे आत राहिलं होतं." आईनं थँक्यू म्हटलं. नारबा पुन्हा आत गेला आणि दार मागं ओढून घेतलं. बिल्डिंगचं मोठं दार लावलं की आपोआप कुलूप बसायचं. बाहेरची मूठ नारबानं सकाळीच काढून ठेवली होती. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून काही केल्या उघडत नाही.

अर्धा तास गेला. डास चावायला लागले. चौगुलेअण्णा दाराशी गेले आणि मूठ शोधायला लागले.

"नारबा! दार उघड!"

जिन्याच्या खिडकीतून नारबाचं डोकं बाहेर आलं. "आता न्हाई उघडायचं अण्णा."

"का?"

"तुम्हीच म्हणाला. मूळचे राहतील, मागनं घुसलेले बाहेर. मी मोजलं. वटवाघळं गोदामापासनं हायेत. मग मी. मग तुम्ही."

आधी हसल्या त्या निमकरबाई. हसता हसता त्यांना खालीच बसावं लागलं.

"अरे पण आम्ही राहायचं कुठं?" अण्णा ओरडले.

"ती सोय केलीया की. तिकडं चिंचेवर बघा."

सगळ्यांनी वर पाहिलं. चिंचेच्या फांद्यांना सतरा पेट्या टांगल्या होत्या. फट असलेल्या, लाकडी. दाराशेजारी भिंतीवर असायचे ते सोसायटीचे लेटरबॉक्स.

"ज्याच्या त्याच्या पेटीवर नाव हाय. भांडू नका. अण्णा, तुमची सगळ्यात उंच टांगलीया. चेअरमन म्हणून."

तेवढ्यात गच्चीखालच्या फटीतून वटवाघळं निघाली. आया निघाल्या, पिल्लं निघाली. सतरा बिऱ्हाडांच्या डोक्यांवरून गेली आणि अंगणातले डास खात खात चिंचेपलीकडं दिसेनाशी झाली.

आत्याबाई म्हणाल्या, "मी झाडावर चढायची न्हाई." अण्णांनी घाम पुसला. कितीही झालं तरी चेअरमन. पण आवाज अगदी मऊ झाला होता. "नारबा, बाबा, राहू देत ती वटवाघळं. धुरी नाही, काही नाही. बाल्कनी मी धुवीन रोज. तुझी खोलीही तुलाच. पण आम्हाला आत घे."

नारबानं विचार केला. मग मान हलवली.

"ते मी कोण सांगणार अण्णा? मूळचे आत्ता जेवायला बाहेर गेल्यात. पहाटे येतील. आले की तुमचं विचारून बघतो."