वेशीवरचे दोन राखणदार

एका संगणकात एक गाव वसलं होतं. संगणकात कसलं आलंय गाव, असं म्हणू नका. पडदा उजळला की तिथे सकाळ व्हायची आणि मालकीणबाईंनी तो मिटला की रात्र. गावात पत्रांची पेठ होती, गाण्यांची गल्ली होती आणि सगळ्यात जुनी चित्रांची आळी. त्या आळीतल्या पहिल्या घरात मालकीणबाईंच्या लेकीची बाळपणीची चित्रं राहायची. लेक आता दूरदेशी होती, म्हणून मालकीणबाईंची पहिली फेरी रोज त्याच घरी.

वेशीवर एक म्हातारा राखणदार होता. ज्यांना बाहेरची माणसं व्हायरस म्हणतात, ते झाडून सारे चोर त्याला तोंडपाठ. नव्या चोराची खबर आली की त्याचा चेहरा तो घोकून ठेवायचा आणि ओळखीचं तोंड दिसताच मानगूट धरायचा. गाव त्याला मान द्यायचं. तो मान त्याला भाकरीपेक्षा गोड लागायचा.

पण एकदा कुणीच न पाहिलेल्या तोंडाचा एक भामटा आत शिरला आणि पत्रांच्या पेठेत धुडगूस घालून गेला. तेव्हा मालकीणबाईंनी आणखी एक राखणदारीण आणली. तिला एकाही चोराचं तोंड ठाऊक नव्हतं.

"मग धरणार कशी, बाई?" म्हाताऱ्याने खोचकपणे विचारलं.

"तोंड काय, रोज बदलता येतं, काका. मी हात बघते," ती म्हणाली.

अनोळखी पाहुणा आला की ती त्याला आधी वेशीलगतच्या देवडीत बसवायची. तिथे सगळी खोटी कपाटं आणि खोटी दारं. साधा पाहुणा आपला गप्प बसून राहायचा. चोराचे मात्र हात शिवशिवायचे. तो कपाट उचकटायला गेला की तिथेच कोंडला जायचा. म्हाताऱ्याने ज्यांना रामराम करून आत सोडलं असतं, तेही असेच तिच्या हाती लागले.

"बाई आल्यापासून निवांत झोप लागते हो!" गाव म्हणू लागलं.

हे ऐकून म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं उन्हातान्हात वेस राखली कुणी, आणि कौतुक कुणाचं! एकदा तिने एका गरीब गाण्याला उगाच देवडीत ताटकळत ठेवलं, तर ती गोष्ट त्याने घरोघरी जाऊन सांगितली. तरी पोटातली आग काही विझेना.

मग त्याच्या मनाने एक भलतंच घेतलं. 'ही सगळ्यांच्या मागे फिरते, डोकावून बघते, लोकांना कोंडते. चोर याहून वेगळं काय करतो?' ती चोर आहे असं त्याला वाटत नव्हतं. पण तसं वाटलं तर बरं होईल, असं फार वाटत होतं. आणि त्याने तिचं तोंड चोरांच्या तोंडांत घोकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ती वेशीवर येताच तो ओरडला, "चोर! चोर!" आणि त्याने तिची मानगूट धरली. मानगुटीवर हात पडल्यावर तीही कशाला ऐकते? हात चोराचे दिसले की धरायचं, हा तिचा नेम. तिने त्याची गचांडी धरली. दोघंही तगडी, कुणीच मागे हटेना. गावाचं सगळं बळ त्या झोंबाझोंबीत खर्ची पडू लागलं. गाणी अर्ध्या सुरात अडकली, पत्रं वाटेतच खोळंबली. "आज हे एवढं का रखडतंय?" म्हणून मालकीणबाई बाहेर वैतागल्या.

तेवढ्यात जरीची टोपी घातलेला एक निरोप्या वेशीवर आला. "लग्नाचं आवतण आहे, अगत्य यायचं हं!" असं म्हणत तो सरळ आत शिरला. अडवायला होतंच कोण? चित्रांच्या आळीत जाऊन त्याने पहिल्या घराची कडी लावली आणि बगलेतून एक भलंमोठं कुलूप काढलं.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. पण ते तोंड काही त्याच्या पाठातलं नव्हतं.

"काका, त्याचे हात बघा!" राखणदारीण कशीबशी म्हणाली.

त्याने हात पाहिले आणि त्याला सगळं कळलं. पण लगेच दुसराही विचार आला. हिला सोडलं तर हीच त्याला धरणार. पुन्हा हिचाच जयजयकार. तेवढा एक विचार मनात येऊन जाईपर्यंत कुलूप खट्कन बसलं.

"धर, बाई, धर त्याला!" म्हाताऱ्याने तिला सोडलं.

दुसऱ्या घराशीच तिने निरोप्याला पकडलं आणि देवडीत कोंडलं. मग धापा टाकत ती म्हणाली, "काका, याचं तोंड नीट पाहून घ्या. मी धरला तो एका गावात. तुम्ही ओळख कळवलीत तर गावोगावच्या वेशींवर अडेल."

म्हाताऱ्याने खबर धाडली आणि जिथेतिथे ते खोटं आवतण वेशीबाहेरच अडलं. गावोगावहून त्याची वाहवा आली. या वेळी ती त्याला गोड लागली नाही.

तेव्हापासून वेस तो सांभाळतो, आतल्या आळ्या ती सांभाळते. पण पहिल्या घरावरचं ते कुलूप दोघांनाही कधी उघडता आलं नाही. मालकीणबाई अजून रोज सकाळी त्या दारापर्यंत येतात, थांबतात आणि परत जातात. तेव्हा म्हातारा मान खाली घालतो.

एखादा नवा पाहुणा विचारतो, "काका, हे कुलूप कुणी घातलं?"

"घातलं चोराने," म्हातारा म्हणतो. "त्याला वेळ दिला मी."

तात्पर्य काय, तर राखणदारांनी एकमेकांची मानगूट धरली की चोराला वेस मोकळी.