रेघेखालचे तीन ठिपके

एकदा एका बंद पडलेल्या खाणीच्या तळाशी एक वृद्ध विदुषी आपल्या शिष्याला हाताशी घेऊन अशी एक वस्तू शोधत होती, जी आजवर कोणीही पाहिलेली नाही.

ती वस्तू कोणती, हे आधी सांगायला हवे. आकाशातल्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, इतक्या वेगाने फिरतात, की त्यांच्या कडेचे तारे केव्हाच बाहेर भिरकावले जायला हवे होते. ते भिरकावले जात नाहीत. म्हणजे त्यांना कोणीतरी धरून ठेवले आहे, आणि हे जे कोणी आहे ते ना उजळते, ना सावली पाडते. जाणकार त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते आपल्या स्वयंपाकघरातून, आपल्या अंगाखांद्यातूनही खुशाल येत-जात असावे, असा त्यांचा अंदाज आहे. पण त्याचा कण कसा असतो, हे काही अजून कोणाच्या हाती लागलेले नाही.

तो कण पकडण्यासाठी खाणीच्या तळाशी एक मोठे भांडे ठेवले होते, अतिथंड द्रवाने भरलेले. वरचा शेकडो मीटर दगड म्हणजे जणू गाळणी; आकाशातून कोसळणाऱ्या बाकीच्या कणांची वर्दळ त्याने अडवायची. भांड्यात एखादा कण आदळला, की क्षणभर बारीकशी चमक उमटे आणि संगणकावर तिचा एक ठिपका पडे. दगडातूनही किरण निघतातच. त्यांचे ठिपके एका ठरावीक रेघेच्या वर पडत. हवा असलेला कण आलाच, तर त्याचा ठिपका रेघेखाली पडणार होता. रेघ कुठे मारायची ते ठिपके पाहण्याआधी ठरवायचे, आणि एकदा मारली की हलवायची नाही, असा बाईंचा दंडक होता. शिष्य त्यांना बाईच म्हणे.

सहा वर्षे झाली, रेघेखाली एकही ठिपका नाही.

खाणीची लिफ्ट चालवणारा देवाजी उईके रोज संध्याकाळी शिष्याला वर आणताना विचारी, "सापडलं का जी?"

"नाही, देवाजी."

"काय साहेब! आमी सहा वर्षांत अर्धा डोंगर वर आणला होता, अन् तुमी रोज रिकाम्या हातानं."

देवाजीची थट्टा शिष्य हसण्यावारी नेई. पण घरी शेजारच्या नाफडेकाकू आईला विचारत, "मुलगा नेमकं करतो काय हो?" काळजीनेच विचारत बिचाऱ्या, मनात काही नसे. आईला मात्र ते नीट सांगता येत नसे, आणि ती तोच प्रश्न फोनवर त्याला विचारी. त्याच्या संशोधनाची मुदत मार्चमध्ये संपत होती. प्रबंधात लिहायचे काय? सहा वर्षे वाट पाहिली, एवढेच?

मग वर्षभराचे ठिपके उघडून पाहण्याचा दिवस आला. शिष्याने पडद्याकडे पाहिले. रेघेखाली दोन ठिपके होते. आणि तिसरा रेघेला अगदी चिकटून, पण केसभर वर.

दोन ठिपके असले, की लोक योगायोग म्हणून सोडून देतात. तीन असले तर जगाला ऐकावेच लागते. शिष्य तासभर तिसऱ्या ठिपक्याकडे पाहत राहिला. मग त्याला आठवले, की उन्हाळ्यात भांड्याचे तापमान किंचित वाढले होते. त्या मानाने रेघ जरा वरच असायला हवी होती. हे कारण अगदीच खोटे नव्हते, आणि तेच तर वाईट. त्याने रेघ केसभर वर सरकवली. तिन्ही ठिपके खाली आले.

त्याने आधी आईला फोन केला. आता आईच ती, गप्प बसेल होय? दुपारपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले होते.

बाईंच्या खोलीत तो जवळजवळ धावतच शिरला. बाईंनी त्याच्या हातातल्या आलेखाकडे पाहिलेसुद्धा नाही. कोरा कागद पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "बस. काय सापडलं, कसं सापडलं, ते लिही आणि खाली सही कर."

तीन ठिपके सापडले, असे त्याने लिहिले. रेघेशी येऊन पेन जरासे अडखळले; मग त्याने लिहिले, 'रेघ योग्य जागी घेतली.' आणि सही केली.

बाईंनी ते वाचले आणि देवाजीला बोलावून घेतले. देवाजी आला तो एक लाखेने बंद केलेले पाकीट घेऊन. "सालभर सांभाळलं जी बाई. बायकोलाबी दावलं नाही."

"तिने विचारलं नाही?"

"रोजच इचारते!"

बाईंनी पाकीट फोडले. आतल्या कागदावर त्यांच्याच अक्षरात दोन तारखा होत्या, त्यांच्या वेळा, आणि चमक किती हवी त्याचे आकडे. शिष्याने वाचले, पुन्हा वाचले. ते रेघेखालचेच दोन ठिपके होते. भांड्यात काहीच घडले नव्हते. बाईंनीच ते गुपचूप नोंदींत मिसळले होते.

"तुम्ही मला फसवलंत," शिष्य कसाबसा म्हणाला. "बाई, आईने पेढे वाटलेत हो!"

"पेढ्यांचं मला खरंच वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "पण माझं ऐकून घे. 'इथे काही नाही' असं आंधळाही सांगू शकतो. त्याच्या सांगण्यावर विसंबणार कोण? लाखो ठिपक्यांत मी दोन टाकले आणि तू दोन्ही अचूक वेचलेस. म्हणजे तुझी नजर साबूत आहे. खरा कण आला असता तर तो तुझ्या हातून सुटला नसता, आणि म्हणूनच तुझ्या 'नाही'ला आता वजन आहे. तेवढंच मला पाहायचं होतं. पण या कागदात दोनच ठिपके आहेत रे. तिसरा कुठून आणलास?"

देवाजी दाराशीच उभा राहिला होता. तो टोपी काढून उगाच झटकू लागला.

"रेघ हलवली," शिष्य म्हणाला.

"किती?"

"केसभर."

"तो दगडातून आलेला ठिपका आहे, रोज येतात तसला. पहिले दोन तुझ्या डोळ्यांनी पाहिले, तिसरा तुझ्या इच्छेने. इच्छा असावी. ती नसती तर सहा वर्षं त्या काळोखात कोण उतरलं असतं? फक्त रेघ तिच्या हाती द्यायची नाही." बाईंनी सही केलेला कागद त्याच्याकडे परत सरकवला. "हा माझ्यापुढे आलाच नाही असं मी समजेन. फाडायचा तर फाड."

शिष्याने कागद हातात घेतला. फाडला असता तर कोणाला कळणार होते? पण त्याने तो टेबलावर ठेवला, रेघेचे वाक्य खोडले आणि खाली लिहिले : 'रेघ मी हलवली होती. ती मूळ जागी आणली. रेघेखाली खरे काही आढळले नाही.' आणि पुन्हा सही केली.

मग बाहेर जाऊन त्याने घरी फोन लावला.

"आई, ते सापडलेलं नाही. मी घाई केली."

पलीकडून नाफडेकाकूंचा आवाज आला, "काय म्हणतोय हो?" आईने त्यांना हाताने थांबवले असावे. "अरे, मग सहा वर्षं?"

"आम्ही जिथे शोधलं तिथे ते नाही, हे पक्कं झालं. पुढच्यांना तिथे शोधायला नको."

आईने विचारले, "म्हणजे घरात काही हरवलं, की आपण एकेक कपाट झाडून बाजूला करतो, तसं?"

"अगदी तसंच गं."

"मग एक कपाट तर तू नीट झाडलंस. जेवलास का?"

शिष्य परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते आणि चेहरा शांत होता. बाईंनी टेबलावर एक नवे, रिकामे पाकीट ठेवले होते.

"मार्चच्या आत एक काम करून जा. पुढच्या वर्षीचे ठिपके तू मिसळ. किती, कुठे, कधी, ते मला सांगू नकोस. एकही टाकला नाहीस तरी पाकीट बंद करून दे."

"तुम्हालाही सांगायचं नाही?"

"तुझी इच्छा सहा वर्षांची, माझी चाळीस वर्षांची. रेघ आधी कोणाची हलेल, सांग बघू?"

बाईंसारख्या बाईंनाही ज्या मोहाचे भय वाटते, तो आपल्याला झाला यात लाज कसली, हे शिष्याला तेव्हा उमगले. तो पाकिटातला कागद लिहायला बसला, आणि बाईंनी खुर्ची वळवून त्याच्याकडे पाठ केली.