कडेवरचा टिकल्या

माकडांची सेवा करायला माणसं विमानाने जाऊ लागली, त्या काळातली ही गोष्ट. समुद्रापलीकडच्या एका बेटावर, शिकाऱ्यांकडून सोडवलेल्या माकडांचं आश्रयस्थान होतं. तिथे टिकल्या आणि भुऱ्या हे पोरके भाऊ राहत. त्यांच्या सेवेला रत्नागिरीहून शाल्मली आली. घरच्या बागेत माकडं शिरली की ती फटाके लावायची. पण ती माकडं पडली गावातली.

आश्रयस्थानाचा नियम होता की पिल्लांना कडेवर घ्यायचं नाही, कारण त्यांना पुढे जंगलात राहायचं आहे. शाल्मलीला तो नियम निर्दय वाटला. राखणदाराची पाठ वळली की ती हात पसरायची आणि टिकल्या धावत जाऊन तिला बिलगायचा.

“दादा, नको रे जाऊस,” धाकटा भुऱ्या म्हणायचा.

“जळकुटा मेला!” टिकल्या कडेवरून हसायचा.

पुढे दोघांना जंगलात सोडलं. एके दिवशी झाडाखाली एक माणूस आला. त्याच्या पाठीला पोतं होतं. त्याने खाली बसून हात पसरले.

“दादा, वर चढ!” भुऱ्या ओरडला.

“घाबरतोस काय? हा लाड करणारा आहे,” म्हणत टिकल्या धावत गेला आणि पोत्यात गेला.

भुऱ्या एकटाच आश्रयस्थानाच्या कुंपणाशी परतला. बातमी ऐकून शाल्मली हुंदके देऊ लागली. “किती प्रेम केलं रे मी त्याच्यावर!”

“खूपच केलंस, ताई,” भुऱ्या फांदीवरून म्हणाला. “त्या माणसाला दादाच्या मागे पळावंसुद्धा लागलं नाही.”